टेम्पोतलं इंजिन आणि पेठेतली गल्ली

सदाशिव पेठेत जुनी गाडी जपणारी माणसं अजून आहेत. वाडा जाऊन इमारत आली तरी पार्किंगच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली, एखादी जीप नाहीतर प्रीमियर पद्मिनी उभी असते. अशा गाडीचं इंजिन कधीतरी बाहेर निघतंच. ब्लॉक बोअरिंगला जातो आणि परत येतो. किंवा मूळ इंजिन कामातून गेलेलं असतं आणि कुणाकडून तरी त्याच जातीचं दुसरं मिळतं. ते टेम्पोत चढवताना काही अडचण येत नाही, कारण जिथून ते निघतं तिथे डोक्यावर लोखंडी गर्डर असतो आणि गर्डरला चेन ब्लॉक. पाच मिनिटांत इंजिन हौद्यात. मग टेम्पो बाजीराव रस्त्यावरून आत वळतो, खजिना विहिरीच्या बाजूच्या एखाद्या गल्लीत दारापाशी उभा राहतो, ड्रायव्हर फाळका खाली सोडतो आणि तेव्हा ध्यानात येतं, की इथे डोक्यावर केबलच्या वायरींखेरीज काही नाही.

अशा वेळी कुणीतरी म्हणतंच, "चार जण बोलवा, धरू आणि उतरवू." हा लेख त्या एका वाक्याला उत्तर म्हणून लिहिला आहे. चार जणांनी धरून मोटारीचं इंजिन उतरवू नये. दर वेळी अपघात होतो असं नाही. पण होतो तेव्हा बोट, पाऊल किंवा कणा जातो, आणि तो मदतीला धावून आलेल्या शेजाऱ्याचाही असू शकतो.

आधी वजनाचं बोलू. जुन्या चार सिलिंडरच्या गाड्यांचे ब्लॉक बिडाचे असत. विलीज जीपचं इंजिन कोरडं तोललं तरी दीडशे किलोच्या पुढे जातं. त्याला गिअरबॉक्स, डायनॅमो आणि सेल्फ तसेच ठेवले, आत तेल आणि पाणी राहू दिलं, तर दोनशेची वेस ओलांडतं. मारुती ८००चं तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं इंजिन त्यामानाने हलकं, शंभर किलोच्या आतलं. डिझेल इंजिन मात्र तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल इंजिनापेक्षा जड भरतं, कारण त्याच्या सिलिंडरांना फार मोठा दाब सोसायचा असतो आणि त्यासाठी भिंती जाड लागतात. पुढच्या सगळ्या हिशेबासाठी आपण १६० किलो धरू.

१६० भागिले चार म्हणजे माणशी चाळीस. कागदावर हे जमण्यासारखं आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली एका प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्याला ५५ किलोची मर्यादा सुचवली होती, आणि चाळीस त्याच्या आतच आहे. पण ती मर्यादा नीट धरता येणाऱ्या ओझ्यासाठी आहे. पोतं पाठीवर बसतं, अंगाचा आकार घेतं. इंजिनाला धरायला जागा नसते; जिथे हात जातो तिथे धारदार कड असते नाहीतर तेलाचा थर. वजनही सारखं वाटलेलं नसतं. फ्लायव्हीलची बाजू जड, पंख्याची हलकी, म्हणजे मागच्या दोघांच्या वाट्याला पन्नास-पन्नास किलो येतात आणि ते त्यांना उचलल्यावर कळतं. त्यात एकाचा पाय घसरला, की त्याचा वाटा त्याच क्षणी उरलेल्या तिघांवर पडतो. आधीच ताकदीच्या टोकावर असलेल्या माणसाला असा झटका पेलत नाही.

पाठीचं गणित याहून कठोर आहे. वाकून, हात लांब करून चाळीस किलो उचलले, तर ते ओझं मणक्यापासून सुमारे चाळीस सेंटिमीटर दूर असतं. ते तोलणारे पाठीचे स्नायू मणक्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर. तरफेच्या साध्या नियमाने त्या स्नायूंना आठपट, म्हणजे ३२० किलोंइतका ताण काढावा लागतो, आणि तो सगळा कमरेच्या मणक्यांमधल्या चकत्यांवर दाबला जातो. टेम्पोच्या हौद्यातून इंजिन कडेला ओढताना माणूस नेमका याच अवस्थेत असतो.

राहिली उंची. 'छोटा हत्ती' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टाटा एसचा हौदा जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपास असतो, मोठ्या ट्रकचा चार फुटांपर्यंत जातो. अडीच फुटांवरून सुटलेलं इंजिन जमिनीवर पोहोचायला ०.४ सेकंदसुद्धा घेत नाही आणि टेकतं तेव्हा त्याचा वेग ताशी तेरा-चौदा किलोमीटर झालेला असतो. माणसाला काही दिसून त्याचं अंग हलायला सुरुवात होण्यातच पाव सेकंद जातो. म्हणजे उरलेल्या जेमतेम ०.१५ सेकंदात पाय बाजूला घ्यायचा. तो घेता येत नाही. म्हणून पाय मुळातच तिथे नसला पाहिजे, आणि माझ्या मते सगळी कारागिरी एवढ्या एका गोष्टीसाठी आहे: इंजिन कसंही सुटलं, तरी ते जिथे पडेल तिथे कुणाचं अंग नसावं.

हे जमवण्याची सुरुवात टेम्पो यायच्या आदल्या दिवशी होते. इंजिन जिथून निघणार तिथेच गिअरबॉक्स वेगळा करून घ्यावा. ऑइल चेंबरमधलं तेल आणि ब्लॉकमधलं पाणी काढून टाकावं. कार्बुरेटर, डिस्ट्रिब्युटर, डायनॅमो असे बाहेर आलेले भाग सोडवून खोक्यात भरावेत. त्यांनी वजन थोडं घटतं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे साखळी किंवा पट्टा त्यांच्यावर दाबून ते मोडत नाहीत. इंजिन थेट हौद्याच्या पत्र्यावर ठेवू नये. ते जुन्या टायरमध्ये बसवावं. मेकॅनिक लोक हे वर्षानुवर्षं करत आले आहेत आणि त्याहून चांगली बैठक मला माहीत नाही. चेंबरचा पातळ पत्रा टायरच्या पोकळीत सुरक्षित राहतो, ब्लॉकचा भार रबरावर पसरतो, आणि वळणावर इंजिन कलंडत नाही. टायर आडव्या फळीवर ठेवला आणि फळीला दोर बांधता येईल अशी सोय केली, तर उतरवताना त्याचाच घसरपाट होतो.

दिवस आणि वेळही आधी पाहावी. पेठेतल्या रस्त्यांवर पी-१, पी-२च्या पाट्या असतात. सम-विषम तारखेप्रमाणे गाड्या कधी या बाजूला, कधी त्या बाजूला लागतात. आपल्या दाराची बाजू मोकळी असेल तीच तारीख निवडली, तर टेम्पो दाराला लागून उभा करता येतो. नाहीतर दुचाक्यांच्या रांगेपलीकडून इंजिन आणावं लागतं. सकाळी लवकरची वेळ उत्तम. पावसाळ्यात शक्यतो हे काम काढूच नये, कारण ओल्या शहाबादी फरशीवर तेलाचे दोन थेंब पडले की तिथे माणूस उभा राहत नाही. तरीही करावंच लागलं तर लाकडाचा भुसा किंवा वाळूची घमेली जवळ ठेवावीत.

पायाखाली काय आहे हेही बघायला हवं. या पेठेच्या पोटात ड्रेनेजचे चेंबर आहेत, पाण्याच्या मीटरचे खड्डे आहेत, आणि नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पाणी आणलं त्या काळच्या नळांचे आणि हौदांचे अवशेषही जमिनीखाली आहेत. इंजिन उतरवायला आणलेल्या क्रेनचं चाक किंवा तीन पायांच्या घोडीचा पाय चेंबरच्या झाकणावर येऊ देऊ नये. शहाबादी फरशी पसरलेला भार घेते, पण लहानशा लोखंडी चाकाखाली, खाली पोकळी असेल तर, कडकन तडकते. अर्धा-पाऊण इंची प्लायवूडचे दोन तुकडे अंथरले की हा प्रश्न मिटतो.

आता उतरवण्याकडे वळू. सगळ्यात चांगला उपाय पेठेत पूर्वी आपोआप उपलब्ध होता आणि काही ठिकाणी अजून आहे, तो म्हणजे ओटा. जुन्या वाड्यांची जोती उंच असत. टेम्पो मागे घेत ओट्याला टेकवला, तर हौदा आणि ओटा यांच्यात उंचीचा फरक फार तर काही इंचांचा राहतो. मधे जाड फळी टाकायची आणि टायर-फळीसकट इंजिन सरळ ओट्यावर ओढून घ्यायचं. पडायला उंचीच शिल्लक राहत नाही. पुढे तेच इंजिन ओट्यावर उघडून दुरुस्त करायचं असेल, तर ते जमिनीवर आणायचीही गरज नाही. नव्या इमारतींत ओटा नसला तरी कुठे रॅम्पची भिंत असते, कुठे पायऱ्यांचा कठडा. आधी ते शोधावं.

एक काळजी मात्र इथेही घ्यावी लागते. टेम्पो पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगांवर, उभा असतो. इंजिन हौद्याच्या मागच्या कडेला आलं, की पाटे दबतात आणि हौदा एक-दोन इंच खाली जातो. इंजिन ओट्यावर गेलं, की हौदा वर उसळतो. त्या उसळीत मधली फळी निसटते. म्हणून फळी हौद्याला बांधून घ्यावी, किंवा हौद्याच्या मागच्या टोकाखाली चासीला लाकडी ठोकळ्यांचा टेकू द्यावा. हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. ड्रायव्हर खाली उतरलेला असावा.

ओटा नसेल तर इंजिन क्रेन भाड्याने आणावी. गॅरेजवाल्यांच्या ओळखीने ती मिळते. चाकांवर ढकलायची, हायड्रॉलिक जॅकची, दोन लांब पायांची. तिच्याबद्दल एक मोठा गैरसमज असतो. 'दोन टनी' असं तिच्यावर लिहिलेलं असतं म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण आडवा दांडा बाहेर ओढला की तरफेचा हात लांबतो आणि क्षमता झपाट्याने उतरते. बऱ्याच दोन टनी क्रेनच्या दांड्यावर भोकांपाशी आकडे असतात: आत २०००, मग १५००, १०००, आणि सगळ्यात बाहेर ५००. आपलं १६० किलोचं इंजिन या सगळ्यांत बसतं, पण क्रेन उलटण्याचा धोका आकड्यावर संपत नाही. भार पायांच्या पुढच्या टोकाच्या बाहेर गेला, की क्रेन पुढे कलंडते. टेम्पोचं चाक आडवं आलं आणि पाय पुरेसे आत गेले नाहीत, तर नेमकं हेच होतं. म्हणून क्रेन लावायच्या आधी रिकामीच टेम्पोखाली सरकवून बघावी आणि हूक इंजिनाच्या मध्यावर येतो का ते पाहावं.

उंचीही मोजावी. हौदा ७५ सेंटिमीटर, फळी आणि टायर मिळून वीस, इंजिन साठ-सत्तर, वर साखळीचा तीस-चाळीस सेंटिमीटरचा त्रिकोण. म्हणजे हूक जवळजवळ दोन मीटरवर जायला हवा, आणि पुष्कळ क्रेनची धाव तेवढ्यावरच संपते. मोठ्या ट्रकच्या बाबतीत हे जमतच नाही. म्हणून सामान आणायलाच ट्रकऐवजी छोटा टेम्पो ठरवावा, भाडंही वाचतं. ('टेम्पो' हा शब्द आपण आता कुठल्याही लहान मालगाडीला वापरतो, पण मुळात ते एका जर्मन कंपनीचं नाव. तिच्याशी करार करून १९५८ साली बजाज टेम्पो सुरू झाली आणि तिच्या तीनचाकींनी हा शब्द मराठीत रुजवला.)

क्रेनने इंजिन उचललं की पुष्कळ जण क्रेन मागे ओढू लागतात. हे करू नये. दोन मीटरवरच्या हुकाला झोके घेणारं वजन आणि खाली लहान चाकं, त्यातलं एक चाक पेव्हिंग ब्लॉकच्या फटीत अडकलं की सगळं डोलतं. क्रेन तिथेच राहू द्यावी. इंजिन हौद्यापासून जेमतेम चार बोटं वर घ्यावं, फाळका आधीच पूर्ण खाली सोडलेला असावा, आणि मग ड्रायव्हरने टेम्पो अगदी सावकाश पुढे काढावा. खालून हौदा निघून जातो आणि इंजिन हवेत जागच्या जागी राहतं. मग जॅकचा व्हॉल्व्ह चिमूट-चिमूट सैल करत ते सरळ खाली आणावं, गुडघ्याच्याही खाली, आणि त्या उंचीवर आल्यावरच क्रेन ढकलावी. टेम्पो पुढे जाताना क्रेनचे पाय त्याच्या चाकांना लागणार नाहीत ना, हे बघायला एक माणूस खाली वाकून, पण बाजूला उभा राहून, नजर ठेवतो.

या सगळ्यात ज्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं तो म्हणजे साखळीचा कोन, आणि मला तो सर्वांत जास्त महत्त्वाचा वाटतो. इंजिनाला दोन ठिकाणी साखळी किंवा पट्टा लावतात आणि वर हुकात एकत्र आणतात. दोन फाटे आहेत म्हणजे प्रत्येकावर अर्धं वजन, ऐंशी किलो, असं वाटतं. ते फक्त फाटे उभे असतील तेव्हाच खरं. गच्चीत कपडे वाळत घालायची दोरी आठवा. ती सैल, झोळीसारखी असेल तर ओली चादर टाकल्यावर काही होत नाही. तीच तारेसारखी ताणून बांधली, तर त्याच चादरीने खिळा भिंतीतून उपटून येतो. चादरीचं वजन बदललेलं नसतं. दोरी जितकी आडवी, तितका त्याच वजनाला तोलायला लागणारा ताण मोठा. इंजिनाच्या साखळीचंही तसंच. फाटे आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन करत असतील तर प्रत्येकावर सुमारे ९२ किलो येतात. ४५ अंशांना ११३. तीस अंशांना पूर्ण १६०, म्हणजे दोन फाटे असूनही प्रत्येकावर सगळं वजन. पंधरा अंशांवर गेलो तर तीनशे किलोंच्या वर. हूक फार वर जात नाही म्हणून साखळी आखूड करायचा मोह इथेच होतो, आणि आखूड साखळीचे फाटे आडवे होतात. त्याच वेळी ते दोन बोल्टना आतल्या बाजूला खेचू लागतात. बिडात बसवलेला बोल्ट सरळ ओढीला पुरून उरतो, पण आडव्या ओढीला वाकतो, नाहीतर बिडाचा तुकडा घेऊन बाहेर येतो. साठ अंशांपेक्षा चपटा कोन होऊ द्यायचा नाही, एवढं ठरवून टाकावं.

इंजिनावर कंपनीने दिलेल्या उचलायच्या कड्या असतील तर त्याच वापराव्यात. नसतील तर हेडच्या किंवा ब्लॉकच्या जाड भागातल्या भोकांत चांगले बोल्ट, पुरेसे आटे आत जातील असे. टॅपेट कव्हर, मॅनिफोल्ड, पंप यांना कधीही साखळी लावू नये. नायलॉनचा दोर इथे नको. तो ताणतो, आणि इंजिनाच्या कडेवर घासून आतून तुटत गेलेला बाहेरून दिसत नाही. साखळी किंवा क्षमतेचा शिक्का असलेला पट्टा घ्यावा, आणि पट्टा कडेवरून जात असेल तर मधे गोणपाटाची जाड घडी. एक फाटा पुढे डाव्या बाजूला आणि दुसरा मागे उजव्या बाजूला, असा तिरपा बांधला की इंजिन फारसं कलत नाही. आणि पहिल्यांदा उचलायचं ते दोनच इंच. तिथे थांबून बघायचं. मागची बाजू खाली जात असेल तर हूक मागे सरकवायचा. पुन्हा दोन इंच. घाई करणाऱ्याला इथे बाजूला बसवावं.

क्रेन गल्लीत येऊ शकत नसेल, तर तीन पायांची लोखंडी घोडी आणि चेन ब्लॉक. बोअरची मोटर वर काढणाऱ्यांकडे हा सरंजाम असतो. चेन ब्लॉकमध्ये दातेरी चाकांची मालिका असते. हातातली साखळी पुष्कळ लांब ओढावी तेव्हा भार थोडासा वर जातो, पण त्या बदल्यात एकटा माणूस टनभर वजन हलवू शकतो. त्याहून मोलाचा त्यातला ब्रेक. हात सोडला तरी भार जागीच राहतो. दोरी-कप्पीत ही गोष्ट नाही, म्हणून विहिरीची कप्पी आणून हे काम करू नये. घोडीचे तिन्ही पाय खाली साखळीने एकमेकांना बांधलेले हवेत, नाहीतर भार येताच ते फाकतात. इथेही युक्ती तीच: इंजिन चार बोटं उचलायचं आणि टेम्पो काढून घ्यायचा. मात्र टेम्पो मावेल एवढे पाय पसरणारी आणि तेवढी उंच घोडी आहे का, हे आधी पाहावं लागतं.

चेन ब्लॉक मिळाला, घोडी नाही मिळाली, की नजर वर जाते. जुन्या वाड्यात दिंडी दरवाजाच्या आत सागवानी तुळई असते, पहिलवानाच्या मांडीएवढी जाड. तिला काय होणार! मला त्या तुळयांचं फार अप्रूप आहे, म्हणूनच सांगतो, तिला टांगू नका. शतकभराच्या लाकडाचं बाहेरचं अंग टणक दिसतं आणि भिंतीत गेलेलं टोक ओलीने किंवा वाळवीने पोखरलेलं असतं. ते दिसत नाही. शिवाय तुळई वरच्या मजल्याचा भार आधीच वाहते आहे. इमारतीच्या गॅलरीचा छज्जा, जिन्याचा कठडा, ग्रिल यांबद्दल तर बोलायलाच नको. छज्जा एका बाजूने धरलेला असतो, त्याच्या मोकळ्या टोकाला वजन टांगणं म्हणजे त्याच तरफेला पुन्हा बोलावणं.

आणि यातलं काहीच नसेल तर उतार. हा सर्वांत जुना मार्ग आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई घेतल्यावर तिथल्या घंटा मराठी मुलखात आल्या. भीमाशंकरला आणि वाईजवळ मेणवलीला त्या आजही पाहायला मिळतात. ते ओतीव धातूचं वजन सह्याद्री चढून गेलं ते दोर, लाकूड, जनावरं आणि माणसांच्या जोरावर. उताराने वजन नाहीसं होत नाही, पण त्याची फोड होते. ७५ सेंटिमीटर उंच हौद्याला तीन मीटर, म्हणजे दहा फुटी, फळ्या लावल्या तर उतार एकास चार होतो आणि १६० किलोंपैकी खाली ओढणारे फक्त चाळीस उरतात. लाकडावर लाकूड घासलं की घर्षण साधारण तेवढ्याच ताकदीचं असतं. म्हणून फळीवर बसवलेलं इंजिन अशा उतारावर आपण होऊन निघत नाही, त्याला हलकेच ढकलावं लागतं. हीच सुरक्षितता. खाली पाइप किंवा चाकं टाकली तर घर्षण जातं, चाळीस किलो मोकळे सुटतात. फळीवर तेल सांडलं तरी तेच. सपाट जमिनीवर पाइप उत्तम, उतारावर नकोत.

फळ्या दोन इंच जाडीच्या, गाठी नसलेल्या हव्यात. भवानी पेठेत टिंबर मार्केटमध्ये त्या मिळतील, पण सेंट्रिंगच्या जुन्या, खिळ्यांनी भोकं पडलेल्या फळ्या कुणी फुकट दिल्या तरी घेऊ नयेत. वरचं टोक हौद्याला बांधायचं, मध्यावर ठोकळ्यांचा टेकू द्यायचा, कारण फळी मध्यावरच मोडते.

आता दोर. इंजिनाच्या फळीला बांधलेला दोर हौद्याच्या पुढच्या बाजूच्या मजबूत पाइपाला दोन वेढे देऊन मग हातात घ्यावा. बैल बांधताना शेतकरी दावं खुंट्याला दोनदा फिरवतो, कारण वेढ्यात घर्षणाची ताकद आहे आणि ती बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते. पहिला वेढा ओढ पाच-सहापट कमी करतो, दुसरा त्या उरलेल्याची पुन्हा पाच-सहापट. दोर आणि पाइप किती खरखरीत आहेत त्यावर नेमका आकडा ठरतो, पण दोन वेढ्यांनी चाळीस किलोंची ओढ एक-दीड किलोवर येते. दोर धरणारा माणूस थोडा सैल करेल तसं इंजिन वीतभर खाली, आवळला की थांबलं. दोर मनगटाला मात्र कधीही गुंडाळू नये. दोरावाला वर, हौद्यात. ढकलणारा वरच्या बाजूला. इंजिनाच्या खालच्या बाजूला, उताराच्या रेषेत, कुणीही नाही. "मी खालून धरतो" असं म्हणणारा भला माणूस प्रत्येक गल्लीत असतो. त्याला हात धरून बाजूला आणावं.

मी लहान असताना आमच्या वाड्यात लोखंडी कपाट वरच्या मजल्यावर चढवलं गेलं. चार हमाल आले होते. त्यांतला वयाने मोठा हातही न लावता जिन्याच्या बाजूला उभा राहिला आणि फक्त "हं... थांब... डावा" एवढंच बोलत राहिला. बाकीचे दुसऱ्या कुणाचं ऐकत नव्हते, माझ्या आजोबांचंही नाही. आज कळतं, की कपाट त्या आवाजाने चढवलं होतं. इंजिन उतरवतानाही आवाज एकाचाच हवा, आणि "थांब" हा शब्द मात्र कुणीही उच्चारला तरी सगळ्यांनी थांबायचं.

हे काम जाणणारी माणसं बोलवावीत, आणि त्यांची मजुरी घासाघीस न करता द्यावी. माथ्यावर ओझं वाहणाऱ्याला 'माथाडी' म्हणणाऱ्या याच राज्याने १९६९ साली त्यांच्यासाठी कायदा केला. पुण्यात हमाल पंचायतीने आणि बाबा आढावांनी शंभर किलोचं पोतं पन्नासवर यावं म्हणून वर्षानुवर्षं लढा दिला. त्या लढ्याच्या शहरात, नाक्यावरून दोन पोरं आणून, पायांत चप्पल असताना त्यांना बिडाच्या ब्लॉकखाली हात घालायला सांगणं मला सहन होत नाही. बंद बूट आणि हातमोजे आपण आणून द्यावेत. अंगठी, कडं, गळ्यातला गमछा काढून ठेवायला सांगावं. इंजिनाखाली ठोकळा सरकवायचा तर तो काठीने सरकवावा, बोटांनी नाही. आणि काम सुरू होण्याआधी सर्वांना एकदा स्पष्ट बजावावं: सुटलं तर सोडून द्या, झेलू नका. इंजिन दुसरं मिळतं. तरीही काही झालंच, तर १०८ला फोन करावा आणि पट्टा-साखळी आहे तशी ठेवून आधी भार उचलावा, अडकलेला हात-पाय ओढू नये.

खाली जागा आधी तयार असावी. दुसरा टायर, त्याच्या खाली जाड फळी, पार्किंगमध्ये जाण्यायेण्याची वाट सोडून. इंजिन त्यात उतरलं तरी साखळी लगेच काढायची नाही. चारही बाजूंनी हलवून बघायचं, ऑइल चेंबर कुठे टेकत नाही ना ते वाकून पाहायचं, कलत असेल त्या बाजूला पाचर मारायची. कार्बुरेटर बसतो तिथलं आणि एक्झॉस्टचं तोंड कापडाचे बोळे घालून बंद करायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी आत धूळ आणि पाली सापडतात. मग जॅक आणखी थोडा सैल करायचा. साखळीचे दोन्ही फाटे लोंबू लागले, हुकावर काही ओढ उरली नाही, की हूक काढायचा आणि टेम्पोवाल्याला निरोप द्यायचा.